साध्या लग्नाची पावती

माईक दिसला की माझ्या अंगात वारं शिरतं. हा आजार जुना आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं मराठी शिकवलं. तिथं पोरांना हजेरीचा धाक असल्यामुळे ती उठून जाऊ शकत नव्हती. निवृत्त झालो आणि माझे श्रोते एका दिवसात संपले. घरी बायको दुसऱ्या वाक्याला स्वयंपाकघरात निघून जाते. अशा अवस्थेत अंबाजोगाईतल्या एका संस्थेच्या बाई भेटायला आल्या. घर सोडून आलेल्या, किंवा घरच नसलेल्या मुलींसाठी त्या तात्पुरता निवारा चालवत होत्या. सरकारी अनुदान यायचं तेव्हा यायचं, तोवर पोरींना जेवायला लागायचं. देणग्या मिळवायला मदत कराल का, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, "भाषणं करावी लागतील का?" त्या म्हणाल्या, "थोडीफार." मी दुसऱ्याच दिवसापासून जायला लागलो. माझ्या समाजसेवेमागची प्रेरणा एवढीच होती.

बाई पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या. बोलणं कमी, काम जास्त. पोलिसांनी बसस्थानकावरून आणलेली पोरगी असो की स्वतःहून दारात उभी राहिलेली असो, त्या आधी तिला पाणी द्यायच्या, मग जेवण, मग आंघोळीला गरम पाणी आणि धुतलेले कपडे. प्रश्न दुसऱ्या दिवशी. मी पहिल्या आठवड्यात एका पोरीला आल्या आल्या "घर का सोडलंस बाळ?" असं विचारलं, तर बाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि पावती पुस्तक हातात दिलं. "सर, तुम्ही बाहेरचं बघा," म्हणाल्या. तेव्हापासून मी बाहेरचं बघतो.

बाहेरचं बघणं म्हणजे लग्नं. आमच्याकडे लग्नात मुहूर्त टळला तरी चालतो, सत्कार टळून चालत नाही. माईकवाला एकेकाचं नाव पुकारतो, माणूस स्टेजवर चढतो, त्याच्या डोक्याला फेटा बांधला जातो, मग तो शुभाशीर्वाद देतो, आणि नवरा-नवरी घामाघूम होऊन अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभे असतात. मला एक कल्पना सुचली. वीस फेटे कमी बांधा आणि ते पैसे निवाऱ्याला द्या, मी माईकवरून तुमचं नाव घेतो. कल्पना फार गाजली. फेटा एकही कमी झाला नाही, पण माईकवरून नाव यावं म्हणून लोक वरून देणगी द्यायला लागले. घाटनांदूरच्या एका मंडपवाल्यानं तर तिथल्या तिथं बारा गाद्या जाहीर केल्या. मला बोलायला तीन मिनिटं मिळायची, मी अकरा घ्यायचो. पुढाऱ्यांच्या रांगेत माझीही खुर्ची लागायला लागली. कपाटात एकोणीस फेटे जमले. बायको त्यांच्या कडा शिवून निवाऱ्यातल्या पोरींना ओढण्या करून द्यायची, तेवढाच त्यांचा उपयोग झाला.

अशाच एका मोठ्या लग्नात केज तालुक्यातल्या एका बागायतदारानं मला शब्द दिला. माणूस वजनदार, बोलणं गोड, तालुक्यात मान. आमच्याकडे दहा खाटांवर चौदा पोरी झोपत होत्या आणि वरच्या मजल्यावर नुसते पत्रे होते. "वरच्या दोन खोल्यांचा स्लॅब माझा," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी ते वाक्य पुढच्या सहा भाषणांत वापरलं. त्यानंतर तो फोन उचलेना. मीही चिकट माणूस आहे. शेवटी एकदा त्यानं उचलला आणि म्हणाला, "सर, शुक्रवारी आखाड्यावर या. घरचं कार्य हाय, समदे पाहुणे हायत. तितंच काईतरी देऊन टाकतो."

मी युसूफ वडगावपर्यंत बसनं गेलो आणि तिथून त्यानं पाठवलेल्या मोटरसायकलवर मागे बसून शेतात. आखाडा म्हणजे त्याच्या शेतातलं मोठं पत्र्याचं घर, पुढे अंगण, बाजूला गोठा. गोठ्यासमोर छोटा मांडव होता. लग्न होतं, तेही त्याच्याच मुलीचं. माणसं शंभरेक. वाजंत्री नाही, घोडा नाही. दारावर नवरा-नवरीच्या नावाचा फलक नाही. मी यजमानाला विचारलं, "पत्रिका काही दिसली नाही?" तो म्हणाला, "न्हाई छापली सर. कावून उगी खर्च करायचा? फोनवर सांगितलं."

मी भारावलो, हे मला आज लिहितानाही कबूल करावं लागतं. एवढा श्रीमंत माणूस आणि असं साधं लग्न! मांडवात एक ट्रॉलीबॅगएवढा स्पीकर होता आणि त्याला एक माईक होता. तो माझ्या हातात दिला गेला आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

बोललो ते असं. पत्रिका नाही, म्हणजे कागदाची उधळपट्टी नाही. गावात न करता शेतात लग्न, म्हणजे काळ्या आईच्या साक्षीनं. मोजकी माणसं, वाजंत्री नाही, फलक नाही, फोटो काढणाऱ्यांची गर्दी नाही. संपूर्ण जिल्ह्यानं या घराचा आदर्श घ्यावा. मग मुलींच्या शिक्षणावर बोललो, कारण ते माझं पाठ आहे. मग निवाऱ्यावर आलो. ज्या लेकीला घर सोडावं लागतं तिच्यासाठी आमचं दार चोवीस तास उघडं आहे, असं सांगून ते दार नेमकं कुठं आहे तेही सांगितलं, बसस्थानकापासून कुठं वळायचं आणि कोणत्या दुकानाशेजारी विचारायचं, इथपर्यंत. लोक मन लावून ऐकत होते. एक म्हातारा तर डोळे मिटून ऐकत होता.

अक्षता पडल्या. मीही टाकल्या. यजमानानं अकरा हजार रुपये दिले, स्लॅबचं पुढं बघू म्हणाला. पावती लिहिताना मी म्हटलं, नुसतं नाव आणि रक्कम काय लिहायची? हा प्रसंग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. म्हणून मी माझ्या वळणदार अक्षरात वधूचं पूर्ण नाव, वराचं पूर्ण नाव, गाव, तारीख, आणि शेवटी 'साध्या पद्धतीने संपन्न झालेल्या शुभविवाहानिमित्त वधूपित्याकडून' असं लिहिलं. जागा पुरली नाही म्हणून समासातही लिहिलं. स्थळप्रतीवर यजमानाची सही घेतली. मग वरण-भात, बुंदी आणि वांग्याची भाजी पोटभर जेवून परत आलो.

बाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्या पत्त्यापाशी अडल्या. "सर, पत्ता माईकवर सांगितला?"

"म्हणजे गरजू मुलींना कळावं म्हणून."

"आणि त्यांच्या बापांना नाही कळणार?" असं विचारून त्या पोरींच्या औषधांच्या डब्याकडे वळल्या. वधूचं वय किती होतं, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक त्यांना वाटलं असेल, की एवढं तरी हा माणूस बघून येईल.

आठ दिवसांनी भर दुपारी दारात एक पोरगी उभी होती. बाई बाजारात गेलेल्या. स्वयंपाकाच्या मावशींनी तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं. मी लांब बसून रजिस्टर उघडलं. प्रश्न उद्या विचारायचे हे मला माहीत होतं, पण नाव-गाव तरी घ्यावं म्हटलं. मनगटभर हिरवा चुडा, हातावरची मेंदी विटत आलेली. तिनं गाव सांगितलं आणि माझा चेहरा खुलला.

"अरे वा! गेल्याच आठवड्यात तुमच्या गावाकडं माझं भाषण झालं. एका बागायतदाराच्या आखाड्यावर, लग्नात."

ती जेवताना थांबली. "माजंच लगीन होतं सर."

वय विचारलं. सोळा. पिशवीत शाळा सोडल्याचा दाखला होता, जन्मतारीख तिथं स्पष्ट होती. मांडव परतणीला माहेरी आणली होती, उद्या पुन्हा सासरी पाठवणार होते. सासरी काय झालं ते तिनं मला सांगितलं नाही, ते बाईंनाच सांगितलं. आखाड्यावरून निघून ती रस्त्यावर आली आणि बसमध्ये बसली. पत्ता तिला माईकवरून ऐकून पाठ झाला होता.

मी बालविवाहाच्या कायद्यावर शाळाशाळांतून बोललेला माणूस. पत्रिका नाही, फलक नाही, गावाबाहेर शेतात, घाईघाईत, फोटो नकोत, ही सगळी लक्षणं मीच फळ्यावर लिहून दाखवलेली आहेत. आणि तीच सगळी एका ठिकाणी दिसल्यावर मी माईक हातात घेऊन त्यांचं कौतुक केलं होतं. मला त्या दुपारी इतकी लाज वाटली, की बाई येईपर्यंत मी व्हरांड्यातल्या चपला नीट लावत बसलो.

बाईंनी त्याच संध्याकाळी बाल कल्याण समितीला कळवलं. मुलीला बीडला समितीसमोर न्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की मुलीच्या घरचे म्हणतात लग्न झालंच नाही. नुसती सुपारी फुटली, पोरगी रागावून गेली, परत द्या. फोटो नव्हते. पत्रिका नव्हती. भटजी म्हणाला, मी त्या दिवशी दुसऱ्याच गावाला होतो. शंभर माणसं जेवली होती आणि त्यातल्या एकाही माणसाला लग्न आठवत नव्हतं.

बाई माझ्याकडे आल्या. "सर, पावती पुस्तक द्या. देणगी कशासाठी आली ते तुम्ही लिहिलं असेल ना?"

आणि मी म्हणालो, "ते हिशेब तपासायला दिलंय."

पुस्तक माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. बाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. असं खोटं मी आयुष्यात फार बोललो नाही, त्यामुळे ते बोलताना किती सहज निघतं याचंच मला नवल वाटलं. मनात स्लॅब होता, चौदा पोरी होत्या, आता पंधरा झालेल्या. हा एक माणूस दुखावला, तर तालुक्यातला एकही मांडव मला माईक देणार नाही, हा हिशेब मी पोरींच्या नावानं मांडत होतो. खरी भीती वेगळी होती. कायद्यात लग्न लावणारा जसा दोषी तसाच हजर राहणाराही, हे मला पाठ होतं. पावती दाखवायची म्हणजे मी तिथं होतो, अक्षता टाकल्या आणि भाषणही ठोकलं, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

दुपारी तो बागायतदार आला. एकटाच आला, आवाज चढवला नाही. बाईंनी त्याला मुलीला भेटू दिलं नाही, म्हणून माझ्यासमोर येऊन बसला. डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा. मला त्याची कीवही आली, हेही खरं.

"सर, तुमी आमचंच माणूस. तुमच्यासमोर समदं झालं. म्या काय वंगाळ केलं का? स्थळ चांगलं होतं. पुन्हा मिळालं नसतं."

"तिचं वय सोळा आहे."

"आमच्या लग्नात माजी बायकू पंधराची हुती." मग थोडं पुढं झुकून तो म्हणाला, "स्लॅबचं सिमेंट मी उद्या पाठवतो. पोरीला सांगा समजावून. तुमचं ऐकंल ती. तुमचं भाषण लई झकास झालतं. पोरींच्या शिक्षणावर तर असं बोललात, आमचे पाहुणे अजून नाव काढतेत."

तो खोटं बोलत नव्हता. भाषण त्याला मनापासून आवडलं होतं. मुलींनी शिकलं पाहिजे हे ऐकून त्यानं मान डोलावली होती, आणि समोर उभ्या असलेल्या दहावी झालेल्या स्वतःच्या मुलीचं लग्न त्याच मानेनं लावून दिलं होतं. या दोन गोष्टींची कुठंही गाठ पडली नव्हती. मला इतकी वर्षं वाटायचं, की लोक मला बोलावतात कारण माझ्या बोलण्यात ताकद आहे. त्या दुपारी प्रथमच लक्षात आलं, की माझ्या भाषणानं आजवर कुणाचं काहीही बिघडलं नव्हतं, म्हणूनच ते मला बोलावत होते. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या रांगेतली माझी खुर्ची त्यासाठीच होती.

मी उठलो. त्याला वाटलं, मी पोरीला समजवायला आत चाललो आहे. मी स्वयंपाकघरात बाईंकडे गेलो, पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"हिशेब तपासायला दिलं होतं ना?" बाई म्हणाल्या.

"खोटं बोललो."

त्यांनी ओल्या हातांनी पुस्तकाला हात लावला नाही. पदराला हात पुसले, पान उघडलं, वाचलं. समासातलंही वाचलं. "चांगलं सविस्तर लिहिलंय," एवढंच म्हणाल्या. माझ्या गद्यशैलीची एवढी किंमत त्याआधी कुणी केली नव्हती आणि पुढंही कुणी करेल असं वाटत नाही.

बीडला समितीसमोर पुस्तक ठेवलं. मुलीचा बाप आणि चुलता एका बाकावर, आम्ही दुसऱ्या. तिथल्या एका सदस्य बाईंनी मला स्थळप्रत मोठ्यानं वाचायला लावली. 'साध्या पद्धतीने संपन्न झालेल्या' हे शब्दही वाचावे लागले. माईक नव्हता, तरी त्या खोलीत माझा आवाज पुरेसा मोठा होता.

"ही सही तुमची?" त्यांनी बापाला विचारलं. त्यानं मान खाली घातली.

मग माझ्याकडे वळून, "तुम्ही लग्नाला हजर होता?"

"होतो. अक्षताही टाकल्या."

"कायदा माहीत आहे?"

"मीच शिकवतो," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मुलीला आमच्याच निवाऱ्यात ठेवायचा आदेश झाला. तिची अकरावीची सोय बघा असं बाईंना सांगितलं. पोलिसांत तक्रार नोंदवायचं ठरलं. त्यात माझाही जबाब होईल आणि माझ्यावर काय करायचं तेही पोलीसच ठरवतील, हे मला स्वच्छ सांगण्यात आलं. बाप बाहेर पडताना माझ्याजवळून गेला. "सर, तुमाला म्या जेवू घातलं," एवढंच म्हणाला. अकरा हजार आम्ही परत पाठवले. स्लॅब अर्थातच झाला नाही, वर अजून पत्रेच आहेत, आणि खाटांच्या मध्ये घाटनांदूरच्या गाद्या अंथरतो. लग्नांची बोलावणी थांबली. आता मी दुकानादुकानांतून फिरतो आणि एका वेळी एका माणसाशी बोलतो. डाळ मिळते, साबण मिळतात, कधी कुणी वह्या देतं. पैसे पूर्वीपेक्षा कमी येतात. बायको म्हणते, तुम्ही हल्ली घरीही थोडक्यात बोलता.

पण त्या दिवसाचं अजून एक सांगायचं राहिलं. बीडहून परतताना आम्ही तिघं बसमध्ये होतो. बाई खिडकीशी डोळे मिटून टेकल्या होत्या. पोरगी मध्ये, मी कडेला. तिनं हातातला चुडा काढून रुमालात बांधला होता. मांजरसुंबा मागे पडलं तशी ती मला म्हणाली, "सर, एक इच्यारू का?"

"विचार ना."

"तुमी मांडवात बोलायला हुबं राहिले तवा माज्याकडं बघितलं हुतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय नुकतीच झाली होती. "नाही," मी म्हणालो. "एकदाही नाही. मी माझ्याच बोलण्यात होतो."

ती म्हणाली, "मी तुमच्याकडंच बघत हुते, शेवटपर्यंत. मला वाटलं, तुमी बघितलं. बघूनशानी बोलत राहिले."

"आणि तरी तू आमच्याकडं आलीस?"

"दुसरं ठिकाण म्हाईत नव्हतं सर."